सिव्हिल थ्रीडीमध्ये भूमिगत वाहिन्यांचे मॉडेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलवाहिन्या, पर्जन्यजलवाहिन्या आणि पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या यांचे संकल्पन ऑटोडेस्कच्या सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्या अभियंत्यांसाठी आणि आरेखकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कोणते बटण कुठे आहे हे आवृत्तीगणिक बदलते, म्हणून त्यावर फार जागा खर्च केलेली नाही. जमिनीखालच्या वाहिनीत पातळी हेच खरे संकल्पन असते आणि मॉडेलमधील बहुतेक चुका अखेर पातळीच्याच चुका ठरतात, म्हणून उत्तरांचा रोख तिकडे आहे.

पाइप नेटवर्क आणि रेषांनी काढलेला आराखडा यांत नेमका फरक काय?

रेषांच्या आराखड्यात प्लॅनवर एक रेषा असते, लांब छेदात दुसरी असते आणि तक्त्यात तिसऱ्यांदा हाताने टाइप केलेला आकडा असतो. मॅनहोल दोन मीटर सरकवले की तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि त्यांपैकी एखादी हमखास राहून जाते. पाइप नेटवर्कमध्ये पाइप आणि स्ट्रक्चर या एकमेकांना जोडलेल्या त्रिमितीय वस्तू असतात. मॅनहोल, इन्लेट, हेडवॉल या साऱ्यांना सॉफ्टवेअर स्ट्रक्चरच म्हणते. प्रत्येक पाइपला व्यास, भिंतीची जाडी, दोन्ही टोकांची इन्व्हर्ट पातळी, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, आणि उतार असतो, तर प्रत्येक स्ट्रक्चरला रिम पातळी, म्हणजे झाकणाची पातळी, आणि तळपातळी असते. प्लॅन, प्रोफाइल, लेबल आणि तक्ता ही त्या एकाच वस्तूची वेगवेगळी रूपे असल्यामुळे मूळ आकडा बदलला की सर्वत्र बदलतो. मात्र मूळ आकडाच चुकला असेल तर तो सर्वत्र सारख्याच नीटनेटकेपणाने चुकीचा दिसतो, हेही विसरू नये.

ग्रॅव्हिटी नेटवर्क कधी वापरावे आणि प्रेशर नेटवर्क कधी?

पाणी उताराने वाहणार असेल, म्हणजे मलवाहिनी किंवा पर्जन्यजलवाहिनी असेल, तर ग्रॅव्हिटी नेटवर्क वापरावे. पंपाने किंवा टाकीच्या दाबाने पाणी जाणार असेल, म्हणजे वितरण वाहिनी किंवा मलनिस्सारण पंपिंग स्टेशनची रायझिंग मेन असेल, तर प्रेशर नेटवर्क वापरावे. प्रेशर नेटवर्क २०१३ च्या आवृत्तीपासून उपलब्ध झाले. त्यापूर्वीच्या ड्रॉइंगमध्ये जलवाहिन्याही ग्रॅव्हिटी नेटवर्क म्हणून, प्रत्येक वळणावर न दिसणारे रिकामे (‘नल’) स्ट्रक्चर ठेवून काढलेल्या आढळतात. असे जुने ड्रॉइंग हाती आले तर ते नव्याने प्रेशर नेटवर्कमध्ये उतरवणे श्रेयस्कर आहे, कारण बेंड, टी आणि व्हॉल्व्ह यांचा हिशेब त्याशिवाय लागत नाही.

मॉडेल सुरू करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

सहनिर्देशक पद्धत आणि पातळ्यांचा संदर्भ या दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. त्या तोंडी ठरल्या तर पुढे कोणालाही आठवत नाहीत.

महाराष्ट्राचा पश्चिम आणि मध्य भाग तसेच गोवा यूटीएम या नकाशाच्या सहनिर्देशक पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, तर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील विदर्भ, म्हणजे नागपूरही, ४४ उत्तर या पट्ट्यात येतो. चुकीचा पट्टा निवडल्यास उपग्रह छायाचित्राशी मेळ बसत नाही आणि ती चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक वेगळी आहे. यूटीएमच्या मध्य रेखांशावर प्रमाण गुणक ०.९९९६ असतो, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशावर सुमारे ४० सेंटिमीटरने कमी भरतो. टोटल स्टेशन या मोजणीच्या उपकरणाने जमिनीवर मोजलेली अंतरे आणि जीपीएसवरून घेतलेले यूटीएम सहनिर्देशक एकाच ड्रॉइंगमध्ये मिसळले, तर लांबलचक वाहिनीच्या शेवटी मॅनहोल प्रत्यक्ष जागेपासून हटलेले आढळते.

पातळ्यांबाबत तर अधिकच काटेकोर राहावे लागते. मुंबईत टाउन हॉल डेटम हा स्थानिक संदर्भ अनेक जुन्या नोंदींमध्ये वापरलेला आहे आणि तो सरासरी समुद्रसपाटीपासूनच्या पातळीपेक्षा वेगळा आहे. इतर गावांतही जुन्या पाणीपुरवठा योजनांच्या पातळ्या एखाद्या देवळाच्या पायरीला किंवा पुलाच्या कठड्याला १०० मीटर मानून घेतलेल्या असतात. अशा पातळ्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कशी जोडून घेतल्याशिवाय मॉडेलमध्ये आणू नयेत. ड्रॉइंगच्या पहिल्याच पानावर संदर्भ बेंचमार्क आणि त्याची पातळी लिहून ठेवावी.

पार्ट्स लिस्ट आणि कॅटलॉग यांत काय फरक आहे? आपल्याकडचे पाइप त्यात मिळतात का?

कॅटलॉग हे संगणकावरील भांडार आहे आणि पार्ट्स लिस्ट ही त्यातून एका कामासाठी निवडलेली यादी आहे. सोबत येणाऱ्या मेट्रिक कॅटलॉगमध्ये काँक्रीटचे गोल पाइप आणि गोल व चौकोनी मॅनहोल मिळतात, पण त्यांचे व्यास आणि भिंतीची जाडी भारतीय मानकांशी जुळतीलच असे नाही. आयएस ४५८ नुसार एनपी २, एनपी ३ किंवा एनपी ४ वर्गाचा पाइप घ्यायचा असेल तर त्याची जाडी उत्पादकाच्या तक्त्यावरून तपासून पार्ट बिल्डर या सॉफ्टवेअरमधील साधनात तसा आकार तयार करावा. नवा आकार यादीत दिसला नाही तर कॅटलॉग पुन्हा तयार करण्याची आज्ञा द्यावी लागते. असा बदललेला कॅटलॉग कार्यालयातील सर्व संगणकांवर एकाच ठिकाणाहून वाचला जाईल अशी व्यवस्था करावी, नाही तर ड्रॉइंग दुसऱ्याच्या संगणकावर उघडते खरे, पण त्याला नवा आकार जोडता येत नाही.

एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकच्या, पाइपबाबत विशेष सावधगिरी हवी. आयएस ४९८४ नुसार या पाइपचा नाममात्र व्यास हा बाहेरचा व्यास असतो. २०० मिमीचा एसडीआर १७ पाइप, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या १७ पट असलेला पाइप, घेतला तर भिंत सुमारे ११.८ मिमी असते आणि आतील व्यास १७६ मिमीच्या आसपास उरतो. काँक्रीट पाइपच्या सवयीने आतील व्यास २०० मिमी भरला, तर मॉडेलमधील पाइपचे क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा बरेच जास्त राहते आणि पुढची सर्व जलगणिते त्यावरच उभी राहतात.

नियमांमध्ये किमान उतार किती ठेवावा?

सॉफ्टवेअरमधील कव्हर अँड स्लोप या नियमात किमान व कमाल आच्छादन (पाइपच्या माथ्यावरची माती) आणि किमान व कमाल उतार असे चार आकडे असतात. त्यांचे मूळ आकडे आपल्या कामासाठी ठरवलेले नसतात. ते तसेच ठेवून केलेले संकल्पन तपासणीत टिकत नाही.

केंद्र शासनाच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या २०१३ च्या मलनिस्सारण नियमावलीनुसार सध्याच्या कमाल प्रवाहाला किमान ०.६ मीटर प्रतिसेकंद आणि संकल्पित कमाल प्रवाहाला ०.८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग मिळायला हवा आणि वेग ३ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे जाऊ नये. पाइपचा खडबडीतपणा दाखवणारा मॅनिंगचा गुणांक ०.०१३ धरून पूर्ण भरलेल्या पाइपला ०.६ चा वेग मिळण्यासाठी १५० मिमी व्यासाला सुमारे २०५ ला १, २०० मिमीला सुमारे ३०० ला १ आणि ३०० मिमीला सुमारे ५२० ला १ इतका उतार लागतो. सॉफ्टवेअरमध्ये उतार टक्क्यांत भरायचा असेल तर ३०० ला १ म्हणजे ०.३३ टक्के. हे आकडे पाइप पूर्ण किंवा अर्धा भरलेला असतानाचे आहेत. वसाहत नवी असते, घरे थोडी असतात आणि पाइपच्या तळाशी जेमतेम धार वाहते, तेव्हा वेग याहून कमी पडतो. म्हणून वरच्या टोकाच्या छोट्या वाहिन्यांना किमान उतारावर समाधान मानू नये.

उतार कमी पडला की गाळ साचतो, वाहिनी तुंबते आणि ती साफ करण्यासाठी कोणाला तरी मॅनहोलमध्ये उतरवले जाते. २०१३ च्या कायद्याने गटारांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे, तरीही माणसे गुदमरून मरण पावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. किमान उताराच्या रकान्यात आकडा भरणाऱ्याने तो कोणाच्या जिवाशी जोडलेला आहे हे लक्षात ठेवावे अशी आमची कळकळीची विनंती आहे.

नियम लावल्यावर वाहिनी शेवटाकडे अतिशय खोल गेली. कुठे चुकले?

बहुधा सॉफ्टवेअर चुकलेले नसते, विचाराची दिशा चुकलेली असते. नियम वरच्या टोकाला किमान आच्छादन ठेवतात, किमान उतार देतात आणि पुढे जात राहतात. वाहिनी शेवटी कोणत्या पातळीला पोहोचायला हवी हे त्यांना माहीत नसते. सपाट जमिनीवर २०० मिमीचा पाइप ३०० ला १ उताराने एक किलोमीटर नेला तर तो जवळपास ३.३ मीटर खाली जातो. सुरुवातीला एक मीटर आच्छादन असेल तर शेवटी चार मीटरहून अधिक खोल खोदाई करावी लागते. काळ्या मातीत किंवा भूजल वर असलेल्या भागात ही खोदाई आधार देऊन करावी लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

म्हणून काम उलट्या टोकाने सुरू करावे. जिथे वाहिनी मिळणार आहे त्या मुख्य मॅनहोलची, पंपिंग स्टेशनच्या विहिरीची किंवा नाल्याच्या तळाची पातळी प्रत्यक्ष मोजून घ्यावी, तिथून वरच्या टोकाकडे उपलब्ध उतार काढावा आणि तो पुरत नसेल तर मार्ग बदलावा, व्यास वाढवून उतार सौम्य करावा किंवा मध्ये पंपिंगचा विचार करावा. व्यास वाढवताना प्रवाह पुरेसा आहे की नाही हे पाहावे, कारण मोठ्या पाइपात थोडे पाणी सोडले तर वेग आणखी कमी होतो. या निर्णयानंतर नियम लावले तर ते सोबती ठरतात. नियमांच्या निकालावर पाइप कोणत्या क्रमाने काढले याचाही परिणाम होतो, त्यामुळे वाहिनी प्रवाहाच्या दिशेने, वरून खाली काढण्याची सवय ठेवावी.

जमिनीचा सरफेस, म्हणजे पृष्ठभागाचे त्रिमितीय मॉडेल, बदलला तरी पाइपची पातळी का बदलली नाही?

कारण नियम आपणहून पुन्हा लागत नाहीत. वाहिनी तयार होताना ते एकदा लागतात, त्यानंतर आपण आज्ञा दिली तरच लागतात. हे योग्यच आहे, नाही तर मंजूर झालेल्या पातळ्या कोणाच्या नकळत सरकल्या असत्या. नियमाचा भंग झाला की प्रॉस्पेक्टरमध्ये, म्हणजे मॉडेलमधील वस्तूंच्या यादीत, त्या पाइपजवळ इशाऱ्याचे चिन्ह दिसते, ते दुर्लक्षू नये.

मॅनहोलची रिम पातळी कोणत्या सरफेसवरून घ्यावी?

नव्या रस्त्यावर ती नेहमी तयार होणाऱ्या रस्त्याच्या सरफेसवरून घ्यावी, सध्याच्या जमिनीवरून नाही. स्ट्रक्चरला सरफेसशी आपोआप जुळवून घेण्याची सोय आहे आणि ठरावीक उंचीचा फरकही देता येतो. शेतातून जाणाऱ्या मलवाहिनीचे झाकण जमिनीपेक्षा वर ठेवायचे असेल तर हा फरक उपयोगी पडतो.

दोन वेगळ्या व्यासांचे पाइप मिळतात तिथे कोणत्या पातळ्या जुळवाव्यात?

सामान्यतः माथे, म्हणजे क्राउन जुळवावेत. २०० मिमीच्या पाइपनंतर ३०० मिमीचा पाइप येत असेल तर पुढच्या पाइपचा इन्व्हर्ट १०० मिमीने खाली जातो आणि मोठा पाइप भरून वाहत असताना लहान पाइपात पाणी उलटे चढत नाही. इन्व्हर्ट जुळवले तर पाणी असे मागे फुगते. सॉफ्टवेअरच्या पाइप ड्रॉप अक्रॉस स्ट्रक्चर या नियमात माथा, मध्य किंवा इन्व्हर्ट यांपैकी काय जुळवायचे ते निवडता येते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपच्या पातळ्यांत ६०० मिमीहून अधिक फरक पडत असेल तर ड्रॉप मॅनहोल, म्हणजे वरून येणारे पाणी उभ्या पाइपने तळाशी उतरवणारा मॅनहोल, द्यावा लागतो. तो मॉडेलमध्ये साधा मॅनहोल म्हणून ठेवून टिपेत उल्लेख करण्याची पद्धत दिसते, पण मोजमापाच्या तक्त्यात तो वेगळा मोजला जावा यासाठी त्याचा वेगळा पार्ट करणेच चांगले.

लेबलवर दिसणारी लांबी आणि ठेकेदाराने मोजलेली लांबी जुळत का नाही?

लेबलमध्ये मॅनहोलच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी आहे की आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंतची, हे आधी पाहावे. १.२ मीटर व्यासाची मॅनहोल ३० मीटर अंतरावर असतील तर प्रत्यक्ष पाइप २८.८ मीटरच लागतो. एका ठिकाणी हा फरक क्षुल्लक वाटतो, पण असे शंभर टप्पे असलेल्या योजनेत तो १२० मीटर होतो. निविदेत मोजमाप कोणत्या पद्धतीने होणार ते वाचून लेबल आणि तक्ता दोन्ही त्याच पद्धतीने लावावेत. इन्व्हर्टबाबतही असेच आहे. जागेवर पातळी मॅनहोलच्या आतल्या भिंतीजवळ मोजली जाते, तर मॉडेलमधील पाइपचे टोक मॅनहोलच्या मध्याशी असते. तीव्र उतारावर या दोन ठिकाणच्या पातळ्यांतील फरक जाणवण्याइतका असतो.

अस्तित्वात असलेल्या वाहिन्या मॉडेलमध्ये कशा आणाव्यात?

प्रत्येक आकड्यासोबत तो कुठून आला हेही आणावे. जुन्या नकाशावरून घेतलेली जागा, जमिनीवरची झाकणे मोजून काढलेली जागा, जमिनीत रडार सोडून शोधलेली जागा आणि प्रत्यक्ष खड्डा करून पाहिलेली जागा या चार गोष्टी सारख्या विश्वासार्ह नाहीत. अमेरिकेतील एएससीई ३८ या मानकात याच क्रमाने डी ते ए अशा चार गुणवत्ता पातळ्या दिल्या आहेत आणि ही कल्पना कोणत्याही देशात उपयोगी पडते. मॉडेलमध्ये प्रत्येक गुणवत्ता पातळीसाठी वेगळी शैली ठेवून ज्या वाहिनीची खात्री नाही ती तुटक रेषेने दाखवावी. मॉडेलमधला तीन मितींतला गुळगुळीत पाइप इतका खरा वाटतो की पाहणाऱ्याला तो मोजलेलाच आहे असे वाटू लागते.

आमच्या एका कामात शेवटच्या मॅनहोलची पातळी जुन्या नकाशावरून घेतली होती. झाकण उघडून मोजल्यावर प्रत्यक्ष इन्व्हर्ट जवळपास अर्धा मीटर वर निघाला आणि संपूर्ण शाखेच्या पातळ्या नव्याने कराव्या लागल्या. तेव्हापासून मिळणीचा मॅनहोल स्वतः उघडून मोजल्याशिवाय आम्ही पहिला पाइप काढत नाही.

खोदाईपूर्वी इतर यंत्रणांना कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने कॉल बिफोर यू डिग हे ॲप सुरू केले आहे. संकल्पनाच्या टप्प्यावरच त्या यंत्रणांकडून नकाशे मागवले तर पुढचा बराच ताप वाचतो.

इंटरफेअरन्स चेकमध्ये, म्हणजे वाहिन्या एकमेकींना आडव्या येतात का या तपासणीत, काहीच सापडले नाही. म्हणजे अडथळा नाही असे समजावे का?

नाही. ही तपासणी मॉडेलमध्ये असलेल्या वस्तूंचीच होते. ज्या टेलिफोन केबलचे मॉडेल नाही ती तपासणीत येणार नाही. दुसरे असे की दोन पाइप एकमेकांना स्पर्श करत नसले तरी त्यांच्यामध्ये काम करायला आणि माती ठोकायला जागा हवी. त्यासाठी तपासणीत त्रिमितीय अंतराची अट द्यावी लागते. पाइपची कॉलर मॉडेलमध्ये नसते, तिच्यासाठी थोडी जादा जागा धरावी. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीच्या वरून न्यावी आणि दोहोंत पुरेसे अंतर ठेवावे, हे तर प्रत्येक छेदनबिंदूवर स्वतंत्रपणे पाहावे, कारण वाहिनीतील दाब गेला की गळक्या सांध्यातून मैला पिण्याच्या पाण्यात शिरतो. पाइप हलवल्यावर आधीची तपासणी जुनी होते आणि ती नव्याने चालवावी लागते.

पाइप नेटवर्क स्वतः प्रवाहाचे गणित करते का?

पाइप नेटवर्क हे मुख्यतः भूमितीचे मॉडेल आहे. प्रवाहाच्या सविस्तर गणितासाठी ते स्टॉर्म अँड सॅनिटरी ॲनालिसिससारख्या साधनाकडे पाठवावे लागते आणि तिथे ठरलेले व्यास व पातळ्या परत आणाव्या लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची एसडब्ल्यूएमएम आणि एपानेट ही साधने विनामूल्य आहेत. पहिले पावसाच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी आणि दुसरे दाबाच्या जलवाहिन्यांसाठी वापरतात.

गणितात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मुखाशी असणाऱ्या पाण्याच्या पातळीकडे. मुंबईचे उदाहरण घ्यावे. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पाऊस आणि ओहोटीची स्थिती धरून केलेल्या होत्या, तर शहराच्या पर्जन्यजल निचऱ्यावरील १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिमीची क्षमता सुचवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. इतका पाऊस कोणत्याही वाहिनीच्या आवाक्याबाहेरचा आहे हे खरे, पण साध्या मुसळधार पावसातही भरतीची वेळ आली की समुद्रालगतच्या मुखांमधून पाणी बाहेर पडत नाही, आणि म्हणूनच हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी पंपिंग स्टेशने उभारावी लागली. किनारपट्टीवरच्या किंवा नदीकाठच्या वाहिनीचे मुख गणितात मोकळे धरले तर मॉडेल सर्व काही सुरळीत दाखवते. भरतीची किंवा पुराची पातळी मुखाशी भरून गणित पुन्हा करावे आणि मगच व्यास पक्के करावेत.

एकाच नेटवर्कवर अनेकांनी काम कसे करावे?

सरफेस, अलाइनमेंट (रस्त्याची किंवा वाहिनीची मध्यरेषा) आणि नेटवर्क वेगवेगळ्या ड्रॉइंगमध्ये ठेवून डेटा शॉर्टकट या सोयीने जोडावेत. रस्त्याचे संकल्पन करणारा आणि वाहिनीचे करणारा आपापल्या फाइलमध्ये काम करतात आणि बदल एकमेकांना दिसतात. कोणत्या वस्तूची मूळ प्रत कोणाकडे आहे हे एका कागदावर लिहिलेले असावे.

काम पूर्ण झाल्यावर मॉडेलचे काय करावे?

प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपच्या पातळ्या खंदक बुजवण्यापूर्वी मोजून मॉडेलमध्ये भराव्यात. संकल्पनाचे ड्रॉइंग वेगळे जपावे आणि प्रत्यक्ष कामाची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. त्यात प्रत्येक मॅनहोलचा क्रमांक, सहनिर्देशक, रिम, सर्व इन्व्हर्ट, पाइपचे साहित्य, वर्ग आणि टाकल्याचे वर्ष असावे. देखभाल करणाऱ्या यंत्रणेकडे सिव्हिल थ्रीडी असेलच असे नाही, त्यामुळे हीच माहिती शेपफाइल (नकाशाच्या माहितीची सर्वत्र वाचता येणारी फाइल) आणि साध्या तक्त्याच्या स्वरूपातही द्यावी. तो तक्ता छापून मॅनहोल क्रमांकांच्या नकाशासह देखभाल विभागात ठेवला, तर रात्री वाहिनी तुंबल्याची तक्रार आल्यावर कोणते झाकण उघडायचे हे तिथल्या कर्मचाऱ्याला संगणकाशिवाय कळते.